मैत्रीचा सामना आणि हिशेबाची वही

मैत्रींत हिशेब नसावा, अशी आमच्या वडीलमंडळींची शिकवण होती. शेजारीं वाटीभर साखर दिली तर ती वहींत मांडावयाची नाहीं, आणि मित्राबरोबर बुद्धिबळाचा डाव हरलों तर त्याची खंत अंथरुणापर्यंत न्यावयाची नाहीं, अशा वळणांत आम्ही वाढलों. त्यामुळें ‘मैत्रीचा सामना’ हे शब्द कानीं पडले कीं, ज्यांत हारजीत गौण आहे असा दोन घटकांचा निर्मळ आनंद, एवढाच अर्थ आमच्या मनांत उभा राही. हा अर्थ किती अपुरा आहे हें आम्हांला आमच्या बारा वर्षांच्या नातवानें शिकविलें; आणि तें शिकवितांना त्यानें नकळत आमच्या एका जुन्या चुकीवरचें झांकणहि उघडलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें बरेच दिवस मनांत होतें.

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्याची १८ तारीख. हैदराबाद येथें भारत आणि मलेशिया यांच्या फुटबॉल संघांचा मैत्रीचा सामना होता. आमच्या घरीं क्रिकेटचें वेड जुनें. फुटबॉलचें वेड नातवानें आणलेलें. त्याच्या आग्रहाखातर दिवाणखान्यांत सारी मंडळी जमली होती. बँकेंतून निवृत्त झाल्यापासून घरांतील सर्वांचे हिशेब तपासण्यांत काळ घालविणारे आमचे धाकटे बंधु, चिरंजीव, सूनबाई, आणि हातांत जपाची माळ घेऊन एक डोळा पडद्याकडे ठेवणारें आमचें कुटुंब. पहिला गोल मलेशियानें केला. पुढें मध्यंतरापूर्वींच मुंबईच्या राहुल भेके यानें डोक्यानें चेंडू मारून बरोबरी साधली, तेव्हां मराठी नांव ऐकून जपहि क्षणभर थांबला. सामना १-१ असा बरोबरींत सुटला. आम्हांला बरें वाटलें. नातू मात्र गुडघ्यांत मान घालून बसला.

“अरे, मैत्रीचा सामना तो,” आम्ही समजूत घालूं लागलों. “त्यांत काय गेलें आणि काय राहिलें?”

“आजोबा, याचेसुद्धां गुण मोजतात,” तो म्हणाला. “सगळ्या देशांची क्रमवारी त्यावरून ठरते. आणि आपण या वर्षांत एकहि सामना जिंकलों नाहीं.”

त्याचें म्हणणें खरें होतें. २०२४ चें सबंध वर्ष भारतीय संघाला विजयावांचून गेलें. पण मैत्रीचे गुण मोजावयाचे, ही कल्पना आम्हांस कांहीं केल्या पटेना. बंधूंचे मात्र कान टवकारले. हिशेब म्हटला कीं त्यांना राहवत नाहीं. त्यांनीं नातवाकडून सगळी माहिती काढून घेतली, आणि पुढचे चार दिवस रात्रीच्या जेवणानंतर आमच्या घरीं फुटबॉलच्या गणिताचें जणूं प्रवचनच चाललें.

प्रथम क्रमवारीचें महत्त्व काय, तें सांगतों. विश्वचषकाच्या स्पर्धेंत किंवा तिच्या पात्रता फेरींत कोणत्या संघाची गांठ कोणाशीं पडणार, हें सोडत काढून ठरवितात. पण सगळ्या चिठ्ठ्या एकाच भांड्यांत टाकीत नाहींत. क्रमवारींतील वरचे संघ पहिल्या भांड्यांत, त्यांच्या खालचे दुसऱ्यांत, अशी वांटणी करून प्रत्येक भांड्यांतून एकेक चिठ्ठी उचलतात आणि त्यांचा गट बनवितात. ज्याची चिठ्ठी वरच्या भांड्यांत, त्याला आपल्या तोलाच्या संघाशीं आरंभींच झुंजावें लागत नाहीं. ज्याची एक पायरी खालीं, त्याच्या वाट्यास एक बलाढ्य प्रतिस्पर्धी अधिक येतो.

याचें उदाहरण आपल्याच देशाचें आहे. २०२६ च्या विश्वचषकासाठीं आशियांतील दुसऱ्या पात्रता फेरीची सोडत २०२३ च्या जुलैंत निघाली. छत्तीस संघ, आणि नऊ-नऊ चिठ्ठ्यांचीं चार भांडीं. भारत तेव्हां जगांत ९९ वा आणि आशियांत १८ वा होता; म्हणजे दुसऱ्या भांड्यांतील अगदीं शेवटची चिठ्ठी आपली. सोडतीच्या आदल्या महिन्यांत भुवनेश्वर येथें निमंत्रित संघांची एक लहानशी स्पर्धा झाली होती व तिच्या अंतिम सामन्यांत भारतानें लेबनॉनला २-० असें हरविलें होतें. त्या सामन्याचा विश्वचषकाशीं प्रत्यक्ष संबंध कांहींच नव्हता. पण सोडतीच्या वेळीं आपली चिठ्ठी दुसऱ्या भांड्यांत राहिली, आणि लेबनॉनची तिसऱ्यांत गेली. क्षुल्लक वाटणाऱ्या सामन्यांतले चार-दोन गुण हे असे दूरवर जाऊन पोंचतात.

आतां बंधूंना सर्वांत रुचलेला भाग. २००६ पासून २०१८ पर्यंत जागतिक महासंघाची, म्हणजे फिफाची, गुण देण्याची रीत निराळी होती. विजयाला ३, बरोबरीला १, पराभवाला शून्य. त्यास सामन्याच्या महत्त्वानें गुणावयाचें. पुन्हां प्रतिस्पर्ध्याच्या योग्यतेनें गुणावयाचें. मैत्रीच्या सामन्याचें महत्त्व १, पात्रता फेरीचें अडीच, आणि प्रत्यक्ष विश्वचषकाचें ४. योग्यता म्हणजे दोनशेंतून प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक वजा करून जें उरेल तें; पहिल्या क्रमांकाला मात्र पुरे दोनशें. खंडाखंडांप्रमाणें आणखी एक किरकोळ गुणक असे, तो येथें सोडून देतों. या साऱ्या गुणांची वर्षाची सरासरी काढीत, आणि मागील तीन वर्षांच्या सरासरीचा उतरता अंश तींत मिळवीत. सगळी मेख त्या ‘सरासरी’ या शब्दांत होती.

बंधूंनीं वहींत एक काल्पनिक संघ घेतला. त्यानें पात्रता फेरीचे सहा सामने पन्नासाव्या क्रमांकाच्या संघांशीं खेळून पांच जिंकले, एक हरला. प्रत्येक विजयाचे गुण ३ गुणिले अडीच गुणिले १५०, म्हणजे ११२५. पांच विजयांचे ५६२५. सहा सामन्यांची सरासरी ९३७ च्या वर. आतां त्यानें तशाच एका संघाला मैत्रीच्या सामन्यांत हरविलें. गुण मिळाले अवघे ४५०. एकूण ६०७५, भागिले सात. सरासरी सुमारें ८६८! सामना जिंकला आणि सत्तर गुण गमावले. जगांतील पहिल्या क्रमांकाच्या संघाला जरी मैत्रीच्या सामन्यांत हरविलें असतें, तरी ६०० च मिळाले असते आणि सरासरी खालींच आली असती. साठांची सरासरी असलेल्या फलंदाजानें चाळीस धावा केल्या तर त्याची सरासरी उतरते, हें आम्हांस ठाऊक होतें. पण जिंकूनहि घसरावें, हा न्याय अजब वाटला.

“मग घरीं बसलेलेंच बरें कीं!” सूनबाई म्हणाल्या.

नेमकें हेंच पोलंडनें केलें होतें. २०१६ च्या नोव्हेंबरांत स्लोव्हेनियाशीं १-१ अशी बरोबरी झाल्यावर त्या संघानें २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत मैत्रीचा म्हणून एकहि सामना खेळला नाहीं. खेळले ते केवळ पात्रता फेरीचे. संघ दुबळा नव्हता. पात्रता फेरींतील दहांपैकीं आठ सामने त्यानें जिंकले होते. पण न खेळलेल्या सामन्यांनींहि त्याला हात दिला. ऑक्टोबरच्या क्रमवारींत पोलंड सहावा झाला, आणि यजमान रशियाबरोबर ज्या सात संघांच्या चिठ्ठ्या पहिल्या भांड्यांत पडल्या त्यांत तो बसला. २०१० सालचा जगज्जेता स्पेन आठवा होता. तो दुसऱ्या भांड्यांत गेला. याच्या उलट गत ब्राझीलची. २०१४ च्या विश्वचषकाचा यजमान म्हणून त्याला पात्रता फेरी खेळावयाची नव्हती. नशिबीं मुख्यतः मैत्रीचे सामने. पांच वेळां जग जिंकलेला तो देश २०१३ च्या जूनमध्यें २२ व्या क्रमांकावर उतरला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस स्पेनला ३-० असें हरवून त्यानें कॉन्फेडरेशन्स चषक जिंकतांच पुढच्या यादींत एकदम नवव्या स्थानीं आला. महिन्याभरांत खेळ तेवढा सुधारला नव्हता. बदललें होतें तें सामन्यांचें वजन.

२०१८ च्या ऑगस्टपासून ही रीत गेली. आतां सरासरी नाहीं. प्रत्येक सामन्यापूर्वीं दोन्ही संघांच्या गुणांवरून अपेक्षा काढतात. अपेक्षेहून अधिक केलें तर गुण वाढतात, कमी केलें तर घटतात. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय दिवसांतील मैत्रीच्या सामन्याचें वजन १०, त्याबाहेरच्याचें ५, पात्रता फेरीचें २५, आणि विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढें ६०. दोन संघांत शंभर गुणांचें अंतर असेल, तर मैत्रीच्या सामन्यांत वरच्या संघाला विजयाचे सुमारें ४ गुण मिळतात, बरोबरींत १ जातो, आणि पराभवांत ६ जातात. जे याचे जातात ते त्याला मिळतात. जिंकून तोटा ही विपरीत गोष्ट यांत उरलेली नाहीं.

ही पद्धति मूळची बुद्धिबळाची. हंगेरींत जन्मलेले आणि अमेरिकेंत भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक आर्पाद एलो यांनीं ती बसविली, आणि बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनें ती १९७० सालीं स्वीकारली. हें नांव बंधूंनीं उच्चारलें मात्र, आणि आमची नजर आपोआप चिरंजीवांकडे गेली. ते खालीं पाहत होते.

पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. चिरंजीव तेव्हां शाळेंत होते आणि बुद्धिबळ फार चांगलें खेळत. मानांकन मिळणें हीच त्या काळीं मोठी गोष्ट होती, आणि तें त्यांना मिळालें होतें. पुढच्या हंगामांत निमंत्रितांची एक मोठी स्पर्धा व्हावयाची होती; वरच्या मानांकनाच्या मुलांनाच तींत प्रवेश. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. लहानसहान स्पर्धांत आपल्याहून कच्च्या मुलांशीं जिंकलें तर पदरांत पडावयाचें जेमतेम, आणि एखाद्या नवशिक्यानें हरविलें तर जावयाचें भरपूर. तेव्हां आम्ही सात महिने त्यांना एकाहि स्पर्धेस जाऊं दिलें नाहीं. मित्रमंडळी बोलवावयास दारापर्यंत येत. आम्हीच त्यांना परत पाठवीत असूं. मानांकन शाबूत राहिलें, निमंत्रण आलें, गांवांत आमची पाठहि थोपटली गेली. स्पर्धेंत पहिल्या पांच डावांपैकीं चार चिरंजीव हरले. परतीच्या गाडींत ते एवढेंच म्हणाले, “बाबा, हात बसण्यापुरते तरी डाव खेळायला हवे होते.” त्यानंतर त्यांनीं पट माळ्यावर ठेवून दिला. याविषयीं आमच्या घरांत पुन्हां कधीं बोलणें झालें नाहीं.

त्या रात्रीं तें मौन त्यांनींच मोडलें; पण आमच्याशीं नव्हे, मुलाशीं. “पोलंडचें पुढें काय झालें, तें सांग ना आजोबांना.”

नातवाला सारें तोंडपाठ होतें. सोडत पोलंडला अनुकूल पडली. गटांत सेनेगल, कोलंबिया आणि जपान, म्हणजे पूर्वीं विश्वचषक जिंकलेला एकहि देश नाहीं. पण २०१८ च्या त्या स्पर्धेंत पोलंड सेनेगलशीं १-२ असा हरला, कोलंबियाशीं ०-३ असा हरला, आणि बाहेर पडणें निश्चित झाल्यावर जपानला १-० असें हरवून गटांत शेवटचा राहिला. त्या पराभवांना एकच कारण होतें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण तो निकाल ऐकतांना आम्हांला आगगाडीचा तो डबा दिसत होता.

“आणि आपलें?” आम्ही विषय बदलण्याकरितां विचारलें. आपलेंहि फारसें निराळें नव्हतें. दुसऱ्या भांड्यांत बसून भारताला कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान असा गट मिळाला. पुढें जावयाचें ते दोघांनीं. २०२३ च्या नोव्हेंबरांत कुवेतमध्यें जाऊन आपण १-० असा विजय मिळविला आणि आशा पालवली. पण २०२४ च्या मार्चमध्यें गुवाहाटीस, आपल्याच मैदानावर, चौथ्या भांड्यांतून आलेल्या अफगाणिस्ताननें आपल्याला २-१ असें हरविलें. अखेर आपण तिसरे राहिलों. क्रमांकानें दार किलकिलें केलें होतें. आंत जावयाचें तें आपल्याच पायांनीं.

बंधूंनीं वही मिटली. आम्हांला मात्र बराच वेळ झोंप आली नाहीं. नव्या सूत्रानें जुना दोष काढला हें खरें. पण चिरंजीवांना आम्ही घरीं बसविलें तें याच नव्या, सुधारलेल्या सूत्राच्या हिशेबानें! सूत्र कोणतेंहि असो, क्रमांक जपण्याची भीति मनांत शिरली कीं माणूस न खेळण्याचें कारण त्यांतून शोधून काढतोच. क्रमवारी ही खेळाची सावली. सावली लांब दिसावी म्हणून आम्ही पोराला उन्हांत एका जागीं उभें करून ठेवलें होतें.

पंधरा दिवसांनीं नातू शाळेंतून आला तो घुटमळतच. जिल्ह्याच्या निवडीपूर्वीं एका नांवाजलेल्या शाळेच्या संघानें त्यांना मैत्रीचा सामना खेळावयास बोलाविलें होतें. “निवड करणारे सरहि पाहायला येणार आहेत,” तो म्हणाला. “मोठ्या फरकानें हरलों, तर उगाच नांव खराब होईल. जाऊं कां, आजोबा?”

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. उत्तर आमच्याकडून यावें अशी त्यांची इच्छा दिसली. “जा,” आम्ही म्हणालों. “आणि आम्हीहि येतों.”

ते पांच गोलांनीं हरले. घरीं येतांना नातू सबंध वाटभर त्या शाळेचा डाव्या बाजूचा खेळाडू कसा वळला, आणि आपण त्याला एकदां तरी कसा अडविला, हेंच सांगत होता. निवडीचें काय व्हावयाचें तें पुढें होईल.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर माळ्याची शिडी सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानें चिरंजीव धूळ झटकलेला पट घेऊन आमच्यासमोर बसले. “बाबा, एक डाव?” तेवीस-चोवीस खेळ्यांतच आम्ही हरलों. बंधु वही घेऊन आले होते. त्यांना आम्ही ती परत ठेवावयास सांगितली.