रापण ओढायला चला!

अहो, तुम्ही रापण पाहिलीय का? नाही? मग हातातलं काम ठेवा आणि ऐका! मासळीतलं मला फारसं कळत नाही, सुरमई आणि पापलेटपुढे माझी ओळखच नाही! पण मालवणच्या किनाऱ्यावर जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय चैन पडेना!

समोर पाण्यात सिंधुदुर्ग! शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला! चहूकडे खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी! पण तिकडे बघते कोण, वाळूत माणसांच्या दोन रांगा दोर ओढत होत्या! आधी होडीतून रापणीचं जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि मग त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन्हीकडून माणसं ओढत सुटतात आणि मग रांगा एकमेकींकडे सरकत येतात आणि मग जाळ्याचा घेर लहान लहान होत जातो आणि मग एक काका माझ्याकडे बघून ओरडले, "बघतास काय नुसते? धरा दोरी!"

धरली! ओला, जाड, जड दोर! तिकडून समुद्र ओढतोय, इकडून आपण! ना इंजिन, ना यंत्र, नुसते हात! कॉलेजातली मुलं, पांढऱ्या केसांचे आजोबा, सगळे एका तालात!

आणि जाळं वाळूवर आलं! बांगडे! तारल्या! पेडवे! मध्येच एक कुर्ली तिरकी पळत सुटलेली! बांगड्याच्या निळ्या-हिरव्या पाठीवर लांबीच्या दिशेनं बारीक रेघा असतात, तुम्हाला माहीत होतं? ताज्या बांगड्यावर त्या अशा चमकतात की बघतच राहावं! मग वाटे पडले, टोपल्या भरल्या, बायकांनी भाव सुरू केले आणि दोर ओढला म्हणून माझ्याही हातात चार बांगडे आले! माझ्या!

ते घेऊन मी उतरलेल्या घरी धावले. तिथल्या काकूंनी मिरची वाटली, आमसुलं टाकली आणि तिरफळं ठेचून घातली. तिरफळ! इतकुसं फळ, पण जिभेवर मुंग्या आणतं! बांगड्याचं तिखलं, गरम भात, वर नारळाच्या रसाची गुलाबी सोलकढी! पहिल्या घासाला मी गप्प! दुसऱ्याला पुन्हा भात मागितला!

"गावला काय खरा मासा?" काकूंनी विचारलं. गावला, काकू, गावला! सकाळी पाण्यात, दुपारी ताटात, आणि मधे इतक्या जणांचे हात! चव त्या हातांचीही असते, हे मला दोर धरल्यावरच कळलं!

म्हणून तुम्हीही निघा! पावसाळा सरू द्या, नारळी पौर्णिमा होऊ द्या, दर्या शांत झाला की मालवण गाठा, किनाऱ्यावर रापण कधी लागणार ते गावात विचारा आणि भल्या सकाळी जा! नुसते बघत उभे राहू नका हं. दोर धरा!