पाच मिली धूर

मार्टिनी तशी सोपी असते. जिन, थोडी ड्राय व्हर्मूथ आणि भरपूर बर्फ. मी त्यात चमचाभर धुरकट व्हिस्की घालतो. जिन ६० मिली, व्हर्मूथ १०, व्हिस्की ५. हे आकडे मी कधीच अंदाजाने घेत नाही. माझ्याकडे स्टीलचं माप आहे आणि दारू प्यायचा परवानाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात तो लागतो, याचं मित्रांना हसू येतं. मी मात्र रांगेत उभं राहून काढला.

कारण माझे वडील प्यायचे. मापाने नाही.

ते गेले तेव्हा लिव्हर पूर्ण निकामी झालं होतं. तिशी उलटेपर्यंत मी थेंबाला शिवलो नाही. मग पुण्यात, नोकरीत, हळूहळू सुरू झालं. आई एकटी पडली म्हणून धाराशिवला परत आलो, ते या बाटल्या घेऊनच. व्हर्मूथ मुळात वाइन, उघडली की थंडच ठेवावी लागते. आईच्या फ्रिजमध्ये, भूमहून आणलेल्या खव्याच्या डब्यामागे, ती दोन महिने लपून होती.

जिन गोव्याची, हपुसा. जिनला जिनपण येतं ते जुनिपरच्या फळांमुळे. आयुर्वेदातली हपुषा ती हीच, आणि या जिनमधली हिमालयातून येते. व्हिस्कीही गोव्याचीच, पॉल जॉन बोल्ड. तिच्यातला धूर पीटचा. दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा तो थर. तो कापून, वाळवून जाळतात आणि त्याच्या धुरावर मोड आलेलं बार्ली सुकवतात. एकदा धान्यात मुरलेला धूर मग निघत नाही. दळा, आंबवा, भट्टीतून काढा, वर्षानुवर्षं पिंपात कोंडा, तो राहतोच.

जानेवारीतली संध्याकाळ होती. आई देवळात गेलेली. मोठ्या ग्लासात बर्फ भरला, तिन्ही मापं ओतली आणि लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळलं. हे हलवायचं नसतं, ढवळायचं असतं. बर्फाचं थोडं पाणी उतरायलाच हवं, नाहीतर घशाला नुसता जाळ. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. जारच्या पाण्याचा बर्फ दारूत घालताना अजून कसंतरी होतं. गाळून घेतलं, वर लिंबाची साल पिळली.

तेवढ्यात आई दारात.

"काय जाळायलास रे?"

"काही नाही."

"आगटीवानी वास यायलाय."

ती बरोबर बोलत होती. मला इतके दिवस सुचलं नव्हतं. शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात ज्वारीची कणसं खुपसायची आणि गरम हुरडा तळहातावर चोळायचा. तोच वास. वडील हुरड्याच्या दिवसांत फार खुशीत असायचे. सगळ्यांना पहिली मूठ तेच द्यायचे. अंधार पडला की मात्र गोठ्यामागे जायचे, आणि परत यायचा तो दुसराच कुणीतरी माणूस.

आईने ओट्यावरच्या बाटल्या पाहिल्या. मी घाईघाईने माप पुढे केलं. "बघ, मोजून घेतो. आठवड्यातून एकदाच. त्यांच्यासारखं नाही."

तिने माप हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"त्येबी पहिल्यांदा मोजूनच घ्यायचे," ती म्हणाली. "औषधाच्या बाटलीचं टोपण होतं त्यांच्याकडं."

हे मला माहीत नव्हतं. वडिलांना सुरुवात होती, तेही कधी सावध होते, घाबरत होते, हेच मी धरलं नव्हतं. परवाना, माप, आठवड्यातला ठरलेला वार, हे सगळं मी आमच्या दोघांमधली भिंत म्हणून उभं केलं होतं. आईने ती एका वाक्यात पाडली. तिचा आवाजही चढला नव्हता.

तिने माप धुतलं, पालथं घातलं आणि देवाजवळ दिवा लावायला गेली.

ग्लास कोमट होत चालला होता. ओतून द्यावं असं वाटलं, पण ते आईला दाखवायला झालं असतं. बसून, सावकाश प्यायलो. धूर होता, जिनच्या मागे, जेमतेम. दुसरा केला नाही. त्या दिवसापुरतं एवढंच सांगता येईल.

व्हर्मूथ आता खव्याच्या डब्यासमोर असते. बाटलीत किती उरली ते फ्रिज उघडलं की दोघांनाही दिसतं.