ईदचा कुर्ता, इचलकरंजीचं कापड

२०२४ ची रमजान ईद ११ एप्रिलला होती. शिरोळचं ऊन, सकाळी नऊलाच पाठ ओली. पण पोरांचा डोळा चकाकत्या पॉलिस्टरच्या पठाणीवर! म्हणून रोज्यातच त्यांना घेऊन आम्ही एसटीने इचलकरंजी गाठली. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला. गल्ल्यांतली खटखट अजून चालूच आहे. दुकानदार कितीही "शुद्ध सुती" म्हणो, कडेचा धागा जाळून पाहावा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, राख होते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी बनते. आम्ही पांढरं केंब्रिक घेतलं. पांढरे कपडे घालायला पैगंबर (स.) यांनीही सांगितलंय. थोरला रुसला. शिंप्याने बंद गळ्याची, तिरक्या खिशाची पठाणी कबूल केली, तेव्हा कुठं माप द्यायला उभा राहिला.