न परतण्याचा परवाना

मुलांनी मातृभाषेतूनच शिकावे, असे आम्ही धर्मग्रामाच्या सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ते मत आम्ही आजही सोडलेले नाही. परंतु ए. सी. जॉर्डन या दक्षिण आफ्रिकी भाषापंडिताच्या चरित्राने आमच्या वक्तृत्वाला खीळ घातली.

जॉर्डन १९०६ साली त्सोलो भागातील एका मिशन ठाण्यावर जन्मले. वडील अँग्लिकन धर्मोपदेशक, मायबोली खोसा. १९४० साली त्यांची ‘पूर्वजांचा कोप’ अशा अर्थाच्या नावाची खोसा कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत शिकलेला राजपुत्र गादीवर येतो. त्याची सुशिक्षित राणी तान्ह्या बाळाजवळ आलेला, कुळाला पवित्र असलेला साप मारते आणि राज्य दुभंगते. आम्हाला मात्र त्या राणीचाच कळवळा आला. पुढे केप टाऊन विद्यापीठात ते खोसा शिकवू लागले. तिच्या व्याकरणावर प्रबंध लिहून तेथेच डॉक्टरेट मिळवली.

१९५३ साली वर्णद्वेषी सरकारने बांटू शिक्षण कायदा आणला. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा सरकारने मुठीत घेतल्या आणि मातृभाषेतून शिक्षण सक्तीचे केले. वरवर पाहता आमच्याच सभेतला ठराव! हेतू मात्र असा, की या मुलांनी हलक्या कष्टांपलीकडे डोके वर काढू नये. खोसावर जीव टाकणारे जॉर्डन या योजनेच्या विरोधात उभे राहिले. ते ज्या शिक्षक संघटनेत होते, तिच्या कित्येक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मातृभाषेचा उदोउदो करणाऱ्या राजवटीला त्या भाषेचा सर्वांत मोठा जाणकार नकोसा झाला होता.

१९६१ साली त्यांना अमेरिकेतील विद्यापीठे पाहण्यासाठी अनुदान मिळाले, पण पारपत्र नाकारले गेले. मिळण्याजोगा कागद एकच होता: जावे, पण परत येऊ नये. तो घेऊन ते निघाले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात आफ्रिकी भाषा-साहित्य शिकवता शिकवता १९६८ साली मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद निघाला तो १९८० साली. केप टाऊन विद्यापीठात पुढे त्यांच्या नावाचे अध्यासन झाले.

गेल्या जूनमध्ये सभेत बोलण्याची पाळी आली, तेव्हा मायमराठीची थोरवी गाण्याआधी आम्ही एवढेच विचारले, ‘आपल्या मराठी शाळेत विज्ञानाला शिक्षक किती?’ सभा गप्प राहिली. मग एक आई उठली आणि म्हणाली, ‘दोन वर्षं एकही नाही.’