सागरेश्वर, मायणी, चांदोली : पहिला कॅमेरा घेण्यापूर्वी

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच गावाजवळ सागरेश्वराची प्राचीन देवळे आहेत आणि डोंगरावर अभयारण्य. एके काळी हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे हे रान. पण सांबर, चितळ, काळवीट येथे नांदतात. वरून पाहावे तर खाली कृष्णाकाठचा हिरवागार ऊस.

अशी सहल झाली की घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला प्राण्यांचे फोटो काढायला कॅमेरा हवा." हौस चांगली आहे, पण पैसा उसाच्या बिलातून जायचा. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. कॅमेराही तसाच पारखून घ्यावा.

डीएसएलआर कॅमेऱ्याचे दोन भाग असतात : बॉडी आणि पुढचे भिंग, म्हणजे लेन्स. दुकानात बॉडीचीच स्तुती ऐकू येते. रानातले खरे काम मात्र भिंगाचे. बॉडी काही वर्षांत मागे पडते, जपून वापरलेले भिंग पुढच्या बॉडीलाही चालते. तेव्हा बॉडी साधी घ्यावी आणि वाचलेले पैसे भिंगात घालावेत.

बॉडीबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरचे भिंग मिळते. घरच्या लग्नकार्याला ते पुरते. सागरेश्वराच्या उतारावरचे चितळ मात्र त्यात शेंगदाण्याएवढे दिसते. येथे ७०-३०० मिलिमीटरचे भिंग उपयोगी. ५० मिलिमीटरला जे दिसते त्याच्या सहापट मोठे ३०० ला दिसते. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी.

विट्यावरून पुढे सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आहे. हिवाळ्यात या भागातील पाणवठ्यांवर परदेशी पाहुणे पक्षी उतरतात, कधी रोहित पक्ष्यांचे थवेही येतात. २०२१ साली या परिसराला राखीव संवर्धन क्षेत्राचा दर्जा मिळाला. पक्षी पाण्यात दूर असतात. तेथे ३०० अपुरे पडते आणि १५०-६०० ची आठवण होते. पण हे भिंग सुमारे दोन किलोचे आणि महाग. वर्षभर सराव झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. कोयना अभयारण्यासह ते २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असते. येथील अडचण निराळी. झाडी दाट, उजेड कमी, गवा उभा सावलीत. भिंगावर ४, ५.६, ६.३ असे आकडे असतात. आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे आणि उजेड जास्त. खरेदीच्या वेळी हा आकडा अवश्य विचारावा.

आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांचे दिवस आले आहेत. त्यामुळे वापरलेले डीएसएलआर बेताच्या किमतीत मिळतात. घेताना भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीची जाळी नाही ना ते पाहावे. शटर किती वेळा पडले आहे तेही विचारावे. दहा-वीस फोटो काढून, मोठे करून पाहावेत.

लांब भिंगात हात थोडा हलला तरी फोटो पुसट येतो. शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळेचा ठेवावा. उडत्या पक्ष्याला हजारावा. महागड्या स्टँडऐवजी कापडी पिशवीत दोन शेर शाळू भरून ती बांधावर ठेवावी व भिंग तिच्यावर टेकवावे. काम झाले की शाळू पुन्हा कणगीत!

सराव आपल्याच शिवारात करावा. नांगरामागचे बगळे, विहिरीवरचा खंड्या, तारेवरचा वेडा राघू हे पहिले गुरू. सूर्य पाठीशी ठेवून सकाळी बसावे. घरट्याजवळ जाऊ नये, दगड मारून पाखरे उडवू नयेत. खंड्याचा डोळा फोटोत स्वच्छ दिसू लागला, की मोठ्या भिंगाचा विचार करावा.