कोलारच्या खडकांत डाव्या हाताला उसंत

बंगळुरूहून कोलारला निघालं की टिन फॅक्टरी चौकातली वाहतूककोंडी काही चुकत नाही. भल्या पहाटे निघूनही के. आर. पुरमच्या पुलापाशी हाफ क्लचवर गाडी रेटावी लागली आणि डावं मनगट ठणकायला लागलं. होसकोटे मागे पडलं, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. हा सारा टापू शहाजीराजांच्या जहागिरीतला. इथून जाताना मला ते दर वेळी आठवतं आणि उगाचच घरच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटतं.

कोलारच्या अलीकडे एका मित्राच्या ओळखीतल्या माणसाची खाजगी जमीन आहे: निलगिरीची झाडं, भुरभुरीत लाल माती आणि एकमेकांवर रचल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे. डकार रॅलीत उतरलेले पहिले भारतीय सी. एस. संतोष बंगळुरूचे. २०१५ साली ते ३६वे आले. त्यांचं बिग रॉक डर्टपार्कही याच कोलार भागात आहे. इथली जमीन बघितली की त्यांनी ही जागा का निवडली असेल ते लगेच पटतं.

मित्राने त्याच्या केटीएम ३५० ईएक्ससी-एफ मोटरसायकलला रेक्लूज या अमेरिकन कंपनीचा ऑटोमॅटिक क्लच बसवून घेतलाय. मला तो चालवून बघायचा होता. त्यात क्लचच्या प्लेटांबरोबर एक खास चकती बसते आणि त्या चकतीत पाचरीसारखे छोटे तुकडे असतात. इंजिन मंद फिरत असेल तोवर स्प्रिंगा त्यांना आत धरून ठेवतात, म्हणून गिअर पडलेला असूनही गाडी जागची हलत नाही. रेस दिली की ते तुकडे बाहेर सरकतात, चकती फुगते, प्लेटा आवळल्या जातात आणि मागचं चाक ओढायला लागतं. क्लचची लिव्हर जागेवरच राहते. वाटलं तेव्हा ती दाबता येते.

पहिल्याच चढावर फरक कळला. मधोमध गुडघाभर उंचीचा धोंडा होता. साध्या गाडीवर तिथे जीव दोन बोटांत येतो. क्लच जरा लवकर सोडला की इंजिन बंद, पाय टेकायला जावं तर खाली जमीनच नाही आणि गाडी अंगावर. इथे मी धोंड्याला चाक लावून चक्क थांबलो, पुढची वाट नीट बघितली आणि नुसती रेस वाढवली. गाडी वर चढली. थांबून विचार करायला मिळणं ही चढावर केवढी मोठी गोष्ट आहे, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. दुपारपर्यंत चालवूनही हात भरून आले नाहीत.

उतारावर मात्र वेगळीच गाडी हाताशी आल्यासारखं झालं. थ्रॉटल पूर्ण सोडून हळू उतरताना इंजिनाचे फेरे घटले, क्लच आपोआप सुटला आणि इंजिनाचा रोध एकदम गेला. गाडी मोकळी घरंगळायला लागली. उपाय आहे: थ्रॉटल किंचित उघडा ठेवायचा आणि मागचा ब्रेक हलकेच धरायचा. पण ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. शिवाय बॅटरी बसली तर धक्का मारून गाडी सुरू होत नाही, कारण इंजिन बंद असताना क्लच सुटलेलाच असतो. त्याच कारणाने गिअरमध्ये टाकून ती उतारावर उभीही करता येत नाही. मित्र पुढच्या ब्रेकची लिव्हर जाड रबराने बांधून ठेवतो. एकट्याने दूरच्या रानात जाणाऱ्याने या गोष्टींचा आधी नीट विचार करावा.

शिकाऊ माणसाने हा क्लच आधी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं चाक हलकं करणं आणि निसटत्या मातीत ताकद मोजून देणं हे डाव्या हाताने एकदा शिकलेलं बरं. तो पैसा चांगल्या प्रशिक्षणावर घालावा. पण ज्याचं मनगट दुखावलंय, किंवा ज्याला वय झाल्यामुळे खडकाळ वाटा सोडाव्या लागतायत, त्याने खर्चाकडे न बघता तो बसवावा. मित्राचं मनगट अपघातात मोडलं होतं. हा क्लच नसता तर तो आज या धोंड्यांत आलाच नसता.

परतताना नरसापुरात होंडाचा कारखाना लागला. फिरण्याच्या जोरावर चालणारा क्लच याच कंपनीने १९५८मध्ये सुपर कबवर देऊन घरोघरी नेला. आपल्याकडे १९९७ची हिरो होंडा स्ट्रीट त्याच घराण्यातली. होंडाच्याच आफ्रिका ट्विन मोटरसायकलवरच्या डीसीटीत, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, एक क्लच १, ३, ५ आणि दुसरा २, ४, ६ हे गिअर सांभाळतो, पण त्यापायी गाडीचं वजन सुमारे १० किलोंनी वाढतं. वाळूत आडवी पडलेली गाडी उचलताना ते चांगलंच जाणवतं. होंडाचा नवा ई-क्लच विजेच्या मोटरींवर चालतो आणि लिव्हर शाबूत ठेवतो. तो मातीत पळणाऱ्या २०० सीसीच्या हलक्या गाडीवर परवडेल अशा किमतीत आला, तर मी लगेच नोंदणी करीन.