उंबरठ्यावर थांबलेली

‘तुमचं कुलदैवत कोणतं?’ नव्या ओळखीत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर मला पाठ आहे, पण ते देताना दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटतं. देव्हाऱ्यासमोर मी हात जोडते ते आईला बरं वाटावं म्हणून. ‘देव नाहीच’ असं ठणकावून सांगावं, तर तेवढी खात्रीही नाही. अशी ना धड आस्तिक ना धड नास्तिक माणसं आज घरोघरी आहेत.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात हे अधांतरीपण फार जाणवलं. कुणी उपास सांगितला, कुणी पारायण. शेजारच्या काकूंनी माहीमच्या चर्चमधला बुधवारचा नोव्हेना सुचवला. तिथे सगळ्या धर्मांची माणसं जातात. सांगणाऱ्यांचा भाव खरा होता, पण मला काही मागताच येत नव्हतं. रात्री त्यांच्या खाटेशी बसून मी सिमोन वेल या फ्रेंच विदुषीची पत्रं वाचत असे.

सिमोनचा जन्म १९०९ सालचा, पॅरिसमधला. घराणं ज्यू, पण घरात धर्माचं काही नव्हतं. तत्त्वज्ञान शिकवणारी ही तरुणी १९३४-३५ मध्ये नोकरीतून रजा घेऊन कारखान्यांत मजूर म्हणून राबली. तिथून ती पार मोडून बाहेर पडली. त्यानंतर पोर्तुगालमधल्या एका गरीब गावात तिने एक मिरवणूक पाहिली. चांदण्या रात्री कोळ्यांच्या बायका मेणबत्त्या घेऊन, जुनी करुण गाणी म्हणत होड्यांभोवती फिरत होत्या. तेव्हा तिला वाटलं, हा धर्म गुलामांचा आहे, आणि मीही त्यांच्यातलीच आहे.

किती विलक्षण! देवाची पहिली चाहूल लागली ती सुखात नाही, पराभवात. पण ख्रिस्ती अध्यात्म अशा उफराट्या गोष्टींनीच भरलेलं आहे. जीव वाचवू पाहणारा तो गमावतो, शेवटचे पहिले होतात. क्रुसावरचा देवाचा पुत्रच ‘देवाने मला का टाकलं?’ असा आक्रोश करतो. सिमोनच्या मनात हा आक्रोश खोल रुतला. श्रद्धेने दुःखावर औषध मिळतं, असं ती कुठेच सांगत नाही. दुःखातून पळ न काढता त्यातून काय घडू शकतं, हे ती शोधते.

१९४१-४२ मध्ये ती मार्सेय शहरात होती. फादर पेरँ या धर्मगुरूंशी तिची दीर्घ चर्चा चाले. ख्रिस्तावर तिचं मनापासून प्रेम होतं, तरीही ती बाप्तिस्मा घेईना. ग्रीकांचं तत्त्वज्ञान तिला प्रिय होतं. गीतेने भारावून ती संस्कृत शिकू लागली होती. ज्या चर्चच्या दाराबाहेर हे सारं राहतं, तिथे एकटीने आत कसं शिरायचं? शिवाय श्रद्धा नसलेल्या असंख्य माणसांपासून वेगळं होणं तिला सोसवत नव्हतं.

आपल्या चोखोबांना देवळाबाहेर ठेवलं गेलं. तो अन्याय होता. सिमोनला दार उघडं होतं, ती आपणहून थांबली. दोन्हींची बरोबरी होऊच शकत नाही. पण पंढरपुरात नामदेव पायरीजवळची चोखोबांची समाधी पाहिली, की बाहेरचा माणूस देवापासून दूर असतोच असं नाही, एवढं मात्र कळतं.

तिचं एक म्हणणं मला त्या दिवसांत फार उपयोगी पडलं. पूर्ण एकाग्रतेने दिलेलं लक्ष म्हणजेच प्रार्थना, असं ती मानते. भूमितीचं गणित सुटलं नाही तरी त्यासाठी दिलेलं लक्ष वाया जात नाही. दुःखी माणसाला ‘तुला काय होतंय?’ असं विचारून त्याचं मनापासून ऐकणं, हे तिच्या मते फार दुर्मीळ असतं. वडील गावच्या नदीची आणि होडीची तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत. औषधांची वेळ, बिलं, फोन सगळं बाजूला ठेवून मी ती प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकू लागले. ते बरे झाले नाहीत. मागणं न मागताही मी प्रार्थना केली होती का, कोण जाणे!

सिमोनचं सारंच मला पटतं असं नाही. १९४३ मध्ये इंग्लंडात क्षयाने आजारी असताना, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये माणसांना जेवढं मिळत असेल त्याहून जास्त खायला तिने नकार दिला. त्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी ती गेली. हे टोक मला झेपत नाही. शरीराची अशी हेळसांड कुणी करू नये.

पण माझ्यासारख्यांना ती एक अवघड प्रश्न विचारते. धर्माबाहेर राहणं आज सोपं झालंय. व्रत नाही, वर्गणी नाही, कुणाला जाब द्यायला नको. सिमोनसाठी उंबरठा ही सुटकेची जागा नव्हती. बाहेर उभ्या असलेल्यांची सोबत सुटू नये म्हणून ती तिथे थांबली होती. आपणही बाहेर उभे आहोत खरे, पण कुणासाठी?